सगळं ब्लॉक करून दे रे!

आयटीत नोकरी लागली की नातेवाईकांमध्ये एक मानाचं पद आपोआप मिळतं. प्रिंटर चालत नाही, टीव्हीला वायफाय लागत नाही, फोनची मेमरी भरली... सगळ्याला आपणच. हल्ली या यादीत एक नवीन काम आलंय. मावशी किंवा काका मुलाचा फोन आपल्या हातात देतात आणि म्हणतात, "जरा बघून दे रे, नको ते सगळं ब्लॉक करून टाक."

आपणही ते करतो. गुगलचं फॅमिली लिंक टाकायचं (आयफोन असेल तर स्क्रीन टाइम), रात्री दहानंतर फोन बंद, नवीन अ‍ॅपला आईबाबांची परवानगी. व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुपमध्ये फक्त ओळखीच्यांनीच घ्यायचं, असं सेटिंग. दहा मिनिटांत काम संपलं, चहा प्यायला, निघालो. ही सेटिंग्ज जरूर करावीत. पण आता मूल सुरक्षित झालं, असं त्या आईबाबांना वाटत राहिलं तर ते धोक्याचं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण ही कुलुपं नक्की काय करतात ते बघा. कोणतं अ‍ॅप किती वेळ वापरलं हे फॅमिली लिंकला कळतं. त्या अ‍ॅपच्या आत कोण काय बोलतंय ते त्याला दिसत नाही. राउटरवर लावलेला फिल्टर घरच्या वायफायपुरता, मित्राच्या हॉटस्पॉटवर तो नसतोच. गेमला परवानगी दिली की बरेचदा गेममधलं चॅटही आलं. इन्स्टाग्रामने फेब्रुवारी २०२५ मध्ये भारतात टीन अकाउंट आणली. १८ वर्षांखालच्या मुलांचं खातं आपोआप प्रायव्हेट होतं, अनोळखी माणसाला मेसेज टाकता येत नाही. चांगलंच आहे. पण खातं उघडताना जन्मसाल २००१ टाकलं असेल तर त्याचा काय उपयोग? आणि कित्येक घरांत ते साल टाकताना बाबाच शेजारी बसलेले असतात!

आमच्या पिढीला हा प्रश्न फारसा आला नाही, कारण कॉम्प्युटर हॉलमध्ये असायचा. आईला ब्राउझर म्हणजे काय हे माहीत नसलं तरी भाजी निवडता निवडता स्क्रीन दिसायची. मग २०१६ मध्ये जिओ आलं, २०२० मध्ये शाळाच फोनवर आली आणि स्क्रीन हॉलमधून उठून पांघरुणात गेली. आईची ती येताजाता पडणारी नजर कोणत्याही अ‍ॅपमध्ये मिळत नाही.

मागच्या वर्षी नात्यातल्या एका मुलाचा क्लासच्या जिन्यातून फोन आला. "दादा, दोन मिनिटं आहेत का?" दहावीतला मुलगा. इन्स्टावर एका 'मुलीशी' गप्पा झाल्या, तिच्या आग्रहावरून फोटो गेले आणि मग पलीकडून त्याच्या मित्रांची यादी आली. पैसे दे, नाहीतर या सगळ्यांना पाठवतो. मित्राकडून उसने घेऊन दोनदा पैसे दिलेही होते त्याने. तीन आठवडे हे चालू होतं. त्याच्या फोनवर फॅमिली लिंक होतं आणि ते चोख काम करत होतं, रात्री दहानंतर एक मिनिटसुद्धा फोन चालला नव्हता. मी विचारलं, "बाबांना का नाही सांगितलंस?" तो म्हणाला, "फोन काढून घेतील."

ब्लॅकमेल करणाऱ्यांचा सगळा धंदा या एका भीतीवर चालतो. मूल घरी सांगणार नाही, याची त्यांना खात्री असते.

पुढे काय केलं ते सांगतो, उपयोगी पडेल. पैसे देणं तिथेच थांबवलं, कारण एकदा दिले की मागणी वाढतच जाते. चॅट डिलीट केलं नाही. धमक्यांचे, त्या खात्याचे आणि युपीआय व्यवहारांचे स्क्रीनशॉट घेतले, मग खातं रिपोर्ट करून ब्लॉक केलं. मग त्याच्याबरोबर घरी जाऊन बाबांना सांगितलं. बाबांचं पहिलं वाक्य काय होतं ते तुम्ही ओळखलंच असेल. नंतर बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, "जेवलास का?" तिथून गाडी रुळावर आली. १९३० वर फोन केला, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली. शिवाय १८ वर्षांखाली काढलेल्या अशा फोटोंसाठी 'टेक इट डाऊन' नावाची मोफत सेवा २०२३ पासून आहे. त्यात फोटो कोणाला पाठवावा लागत नाही. आपल्याच फोनवर त्याचा हॅश, म्हणजे ठसा तयार होतो, फक्त तेवढाच जातो आणि सहभागी कंपन्या त्या ठशाशी जुळणारा फोटो शोधून हटवू शकतात.

कायदेही येताहेत. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियावर खाती ठेवायला बंदी केली. आपल्याकडे २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळलेली संमती आवश्यक ठरवली आहे. यायलाच हवेत असे कायदे. पण संमती देणार कोण? तेच बाबा, जे ओटीपी आला की न वाचता मुलाला सांगतात!

यावर कोणी म्हणेल, म्हणजे मुलाने काहीही केलं तरी फोन काढायचा नाही का? तसं नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री गेम खेळत बसला, घ्या काढून. जेवताना फोन नको, हा नियम घरात सगळ्यांनाच लावा, काकांनासुद्धा. :-) पण संकटात सापडून स्वतःहून सांगायला आलेल्या मुलाला सांगितल्याबद्दल शिक्षा नको. एकदा झाली की पुढच्या वेळी ते येणार नाही.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी कोणी फोन हातात देऊन 'सगळं ब्लॉक करून दे' म्हणालं की दहा मिनिटं सेटिंगला द्या आणि वीस मिनिटं त्या आईबाबांना. मुलालाही समोर बसवा. "काहीही झालं तरी आम्हाला सांग, सांगितलंस म्हणून फोन काढून घेणार नाही" हे आईबाबांनी आपल्यासमोर म्हणायला हवं. आपण म्हणून उपयोग नाही. आईबाबांना सांगायची अगदीच हिंमत झाली नाही, तर मुलाच्या फोनमध्ये आपला नंबर आणि चाईल्डलाईनचा १०९८ सेव्ह करून ठेवा.

आणि फोन आला की कितीही महत्त्वाची मीटिंग असू दे, उचला.