कर्ज न घेतल्याचा पुरावा

एखादी गोष्ट आपण केलेलीच नाही, हे सिद्ध करून दाखवा बघू. अवघड आहे ना? परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेड भागात ऊस उत्पादकांवर नेमकी हीच वेळ आली होती.

प्रकरण थोडक्यात असं. गंगाखेड शुगर अँड एनर्जी हा खाजगी साखर कारखाना. ऊसतोडणी आणि वाहतुकीच्या योजनेखाली शेतकऱ्यांच्या नावावर, त्यांना न विचारता, बँकांकडून कर्जं उचलली गेली आणि पैसा कारखान्याने वापरला, असा आरोप झाला. शेतकऱ्यांना पत्ता लागला तो बँकेच्या नोटिसा घरी आल्यावर! मामला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेला आणि जुलै 2017 मध्ये गुन्हा दाखल झाला. कारखान्याचे प्रमुख रत्नाकर गुट्टे यांना मार्च 2019 मध्ये अटक झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तुरुंगात असतानाच ते गंगाखेडमधून आमदार म्हणून निवडून आले. डिसेंबर 2020 मध्ये ईडीने सुमारे 255 कोटींच्या मालमत्तेवर टाच आणली. गुट्टे यांनी आरोप फेटाळले. दोषी कोण हे ठरवणं कोर्टाचं काम, मी त्यात पडत नाही.

माझा मुद्दा सिस्टिमचा आहे. उसाची नोंद असो, अनुदान असो की पीकविमा, शेतकरी प्रत्येक ठिकाणी सातबारा, ओळखपत्राची झेरॉक्स, दोन फोटो आणि सह्या देऊन येतो. हे कागद किती टेबलांवरून फिरतात, त्याला पत्ता नसतो. आमच्या धंद्यात 'तू कोण?' आणि 'हे तुला मान्य आहे का?' हे दोन वेगळे प्रश्न असतात. झेरॉक्स फार तर पहिल्याचं उत्तर देते, दुसऱ्याचं नाहीच. साधा पासवर्ड बदलायचा तर मोबाइलवर ओटीपी येतो, आणि इथे लाखाचं कर्ज मंजूर करताना ज्याचं नाव त्याला एक फोनसुद्धा नाही?

गंमत बघा. त्याच जुलै 2017 मध्ये रिझर्व्ह बँकेने एक परिपत्रक काढलं. ऑनलाइन व्यवहारात ग्राहकाच्या खात्यातून परस्पर पैसे गेले, तर जबाबदारी ग्राहकाची आहे हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर टाकला. मग हाच न्याय कागदावरच्या कर्जाला का नको? 'मी हे कर्ज घेतलं नाही' असं कोणी लेखी कळवलं की वसुली थांबली पाहिजे, आणि पैसे कुणाच्या हातात पडले हे बँकेने दाखवलं पाहिजे. बँकेकडे फाइल आहे, वकील आहेत, खात्याचा उतारा आहे. शेतकऱ्याकडे फक्त नोटीस आहे.

हे होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या हातात काय आहे?

एक, क्रेडिट रिपोर्ट. सिबिलसह चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा तो फुकट द्यायचा, असा 2017 पासून नियम आहे. घरच्या शेतकऱ्याचा रिपोर्ट आपण बसून काढून द्या. अनोळखी कर्ज दिसलं तर लेखी तक्रार करा. 30 दिवसांत निपटारा झाला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते.

दोन, बँकेला लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. 30 दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. फी नाही.

तीन, वकील परवडत नाही म्हणून गप्प बसू नका. परभणीत जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. 1987 च्या कायद्याने महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, इतरांना ठरावीक उत्पन्नाच्या आत. फोन 15100.

आणि हो, झेरॉक्स देताना तिच्यावर आडवं लिहा: कशासाठी, कोणाला, तारीख. चोरी थांबेलच असं नाही, पण उद्या कोर्टात 'हा कागद कर्जासाठी दिला नव्हता' हे तरी तो कागदच सांगेल.