बारा मुले, एक शोधनिबंध आणि गोवर

अमेरिकेतील टेक्सास राज्यात २०२५ च्या फेब्रुवारी आणि एप्रिलमध्ये गोवराने दोन शाळकरी मुलांचा बळी घेतला. दोघांनाही लस टोचलेली नव्हती. ज्या देशाने २००० साली गोवराचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले होते, तेथे दहा वर्षांनी या रोगाने पुन्हा मृत्यू झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने आपल्या संकेतस्थळावरील मजकूर बदलला आणि 'लसींमुळे स्वमग्नता होत नाही' या विधानाला पुराव्याचा आधार नसल्याचे म्हटले. गोवराच्या लसीभोवतीच्या या संशयाचा माग काढला, तर तो लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयातील, आतड्याच्या विकारांवर काम करणाऱ्या एका संशोधकापर्यंत जातो.

अँड्र्यू वेकफिल्ड हे मूळचे शल्यचिकित्सक. त्यांचा विषय क्रोन रोग. या रोगात आतड्याच्या भिंतीला सूज येते, व्रण पडतात. पोटदुखी, जुलाब आणि घटते वजन यांचे चक्र वर्षानुवर्षे चालते. मूळ कारण आजही पूर्णपणे उलगडलेले नाही. रोगाची सुरुवात आतड्याच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांना होणाऱ्या इजेतून होत असावी, अशी मांडणी वेकफिल्ड आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये केली. ही इजा गोवराच्या विषाणूमुळे होत असावी, हा पुढचा तर्क १९९३ मधला. १९९५ मध्ये संशयाची सुई विषाणूवरून लसीवर आली. चुकीचा तर्क मांडणे हा काही अपराध नव्हे. विज्ञान अशाच तर्कांवर चालते. मात्र इतर प्रयोगशाळांना रुग्णांच्या आतड्यांत तो विषाणू सापडेना, तेव्हा तर्क मागे घेणे हीही विज्ञानाचीच रीत. ती येथे पाळली गेली नाही.

२८ फेब्रुवारी १९९८ च्या 'लॅन्सेट'मध्ये वेकफिल्ड आणि बारा सहलेखकांचा निबंध प्रसिद्ध झाला. अभ्यासातली मुले अवघी बारा. तुलनेसाठी निरोगी मुलांचा गट नाही. आठ मुलांच्या वर्तनातील बिघाडाचा संबंध पालकांनी गोवर, गालगुंड व रुबेला यांच्या एकत्रित लसीशी जोडला होता. हा संबंध सिद्ध झालेला नाही, असे निबंधातच लिहिले होते. परंतु रुग्णालयाने भरवलेल्या पत्रकार परिषदेत वेकफिल्ड यांनी तिन्ही लसी स्वतंत्रपणे द्याव्यात असे सुचवले आणि पालकांपर्यंत पोहोचले ते एवढेच. आपल्या तान्ह्या मुलाला ही लस दिली की नाही, हे सांगण्यास पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी २००१ मध्ये नकार दिला, तेव्हा तर संशयाला राजमान्यताच मिळाल्यासारखे झाले.

बाकीचे सत्य बाहेर काढले ते पत्रकार ब्रायन डिअर यांनी, २००४ पासून. लस-उत्पादकांविरुद्ध दाव्याची तयारी करणाऱ्या वकिलांसाठी वेकफिल्ड आधीपासून काम करत होते आणि त्यापोटी त्यांना चार लाख पौंडांहून अधिक रक्कम मिळाली. गोवराच्या पर्यायी लसीच्या पेटंटसाठी त्यांच्या नावाने १९९७ मध्येच अर्ज झाला होता. यातले काहीही 'लॅन्सेट'च्या वाचकाला ठाऊक नव्हते. दहा सहलेखकांनी २००४ मध्ये निष्कर्षातून अंग काढून घेतले. नियतकालिकाने निबंध मागे घेतला तो मात्र फेब्रुवारी २०१० मध्ये, वैद्यक परिषदेचा ठपका आल्यानंतर. त्याच मे महिन्यात वेकफिल्ड यांची वैद्यकीय नोंदणी रद्द झाली. आरोप ते सतत नाकारत आले आहेत. याच प्रकरणात नोंदणी गमावलेले ज्येष्ठ सहकारी जॉन वॉकर-स्मिथ यांना २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने दोषमुक्त केले, हेही येथे नोंदवायला हवे. पण बारा वर्षांच्या या दिरंगाईचा जाब नियतकालिकाला कोणी विचारला?

दरम्यान डेन्मार्कमध्ये पाच लाखांहून अधिक मुलांची २००२ मध्ये आणि साडेसहा लाखांहून अधिक मुलांची २०१९ मध्ये पाहणी झाली. लस आणि स्वमग्नता यांचा संबंध आढळला नाही. भीतीला आकडे कळत नाहीत. साथ रोखण्यासाठी सुमारे ९५ टक्के मुलांना लस मिळावी लागते; इंग्लंडमध्ये हे प्रमाण २००३-०४ मध्ये ८० टक्क्यांपर्यंत घसरले. त्या काळात लस चुकलेली मुले मोठी झाली आणि २०१२-१३ मध्ये वेल्समधील स्वान्सी परिसरात बाराशेहून अधिक संशयित रुग्णांची नोंद झाली. एक तरुण दगावला. वेकफिल्ड तोवर टेक्सासमध्ये स्थायिक झाले होते.

ज्या मुलांच्या नावाने हे सारे घडले, त्यांची हानी मात्र फारशी मोजली गेली नाही. स्वमग्न मुलांना बद्धकोष्ठ, जुलाब, पोटदुखी यांचा त्रास होतो, ही पालकांची तक्रार खोटी नव्हती. खोटे होते ते त्यावर चिकटवलेले लसीचे निदान. या प्रकरणानंतर स्वमग्नता आणि आतडे हे शब्द एकत्र उच्चारणेही संशोधकांना अडचणीचे झाले. अमेरिकेतील तज्ज्ञगटाने २०१० मध्ये, लसीशी जोडलेला आतड्याचा वेगळा विकार सिद्ध नसल्याचे सांगतानाच, या मुलांच्या पोटाच्या तक्रारी इतर कोणत्याही मुलाप्रमाणे तपासाव्यात असे बजावले. त्यांतील अनेकांना दुखते कुठे हे बोलून सांगता येत नाही. अचानक वाढलेला चिडचिडेपणा किंवा स्वतःला मारून घेणे, एवढीच त्यांच्या पोटदुखीची खूण असू शकते.