साईडपट्टी कोणाची? सायकलवरच्या एका वर्षाचा हिशोब



वर्ष संपत आलं की फेसबुकवर हिशोब टाकायची पद्धत आहे. कोणी किती पुस्तकं वाचली, कोणी किती किल्ले केले. माझा यंदाचा, म्हणजे २०२५ चा हिशोब सायकलचा आहे. आठवडाभर आसनगावहून लोकल पकडून नोकरीला जायचं आणि रविवारी पहाटे सायकल काढायची, असं वर्षभर केलं. आकडा भरला तीन हजार किलोमीटरच्या थोडा वर. लांब पल्ल्याची सायकल चालवणाऱ्यांच्या दृष्टीने हा आकडा काहीच नाही. पण यातले बहुतेक किलोमीटर आपल्याच शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतले आहेत, म्हणून त्यावर बोलायचा थोडा अधिकार मिळालाय असं समजतो.

आधी चांगलं बोलतो. आपला भाग सायकलवरून जसा दिसतो तसा गाडीच्या काचेतून दिसत नाही. फेब्रुवारी-मार्चला डोळखांब रस्त्याला पळस पेटलेला असतो आणि पहाटे मोहाच्या फुलांचा वास येतो. मे महिन्यात करवंदं-जांभळं घेऊन बायका रस्त्याच्या कडेला बसतात. यंदा पाऊस मे महिन्यातच आला, २६ तारखेला मान्सून मुंबईत पोहोचलासुद्धा. त्यानंतर माहुलीचे सुळके ढगात गेले ते अधूनमधूनच बाहेर आले. टोकावड्याच्या पुढे गेलं की नाणेघाटाची भिंत समोर उभी राहते. धसईकडे वळलं की भातखाचरांमधून रस्ता जातो आणि नोव्हेंबरात त्याच रस्त्याच्या कडेला भात वाळत घातलेला असतो. हे सगळं फुकट आहे. कल्याण-डोंबिवली-ठाण्याचे सायकलवाले रविवारी पहाटे उठून इकडे येतात ते उगाच नाही.

ही हौस आपल्या आसपास चांगली रुजलीय. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली अमेरिका एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत पार करायची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ दोघांच्या संघात पूर्ण केली, तेव्हापासून कसाऱ्याच्या अलीकडे-पलीकडे सायकलींची संख्या डोळ्यांना दिसेल इतकी वाढली. आता ब्रेव्हेवाले असतात, दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत पूर्ण करणारे. त्यांचं कौतुकच आहे.

पण मला आज त्यांच्याबद्दल नाही, आपल्या रस्त्यांवर सायकल चालवणाऱ्या दुसऱ्या लोकांबद्दल लिहायचंय.

रविवारी पहाटे आम्ही हेल्मेट-चष्मा लावून निघतो तेव्हा रस्त्यावर आधीच सायकली असतात. मुरबाड एमआयडीसीत पाळीला जाणारा कामगार असतो, हँडलला डबा अडकवलेला. दुधाचे कॅन लावलेला असतो. पेपरवाला असतो. मागच्या कॅरिअरवर गवताचा भारा बांधून घराकडे निघालेला म्हातारा असतो. शाळेच्या दिवशी गेलात तर निळ्या-पांढऱ्या गणवेशातली पोरं-पोरी दिसतात. यांना कोणी सायकलिस्ट म्हणत नाही. यांचे फोटो कोणी टाकत नाही. हे रविवारी नाही, रोज चालवतात, आणि अंधारात चालवतात. माझी सायकल हौसेची आहे. रस्ता खराब असला तर मी पुढच्या रविवारी दुसरीकडे जाईन. त्यांना दुसरीकडे जायची सोय नाही.

आणि या सगळ्यांची, माझ्यासकट, रस्त्यावरची जागा एकच आहे. साईडपट्टी.

गाडी चालवणाऱ्याच्या डोक्यात हा शब्द कधी येत नाही. दुचाकीवाल्याच्या थोडा येतो. सायकलवाल्याच्या आणि पायी चालणाऱ्याच्या डोक्यात दुसरं काही नसतंच. डांबर संपतं आणि गटार किंवा शेत सुरू होतं, त्याच्या मधली ती जागा. मोठ्या महामार्गाच्या नियमात तिला मान आहे. दोन पदरी राष्ट्रीय महामार्ग म्हणजे सात मीटर रस्ता आणि दोन्ही अंगांना दीड-दीड मीटरची पक्की पट्टी, मिळून दहा मीटर, असं साधं गणित असतं. पण आपल्या आतल्या रस्त्यांना ही पट्टी मुरुमाची असते, आणि खरं दुखणं तिथेच आहे.

होतं काय ते बघा. रस्ता खराब झाला की त्यावर नवा थर पडतो. दोन-चार वर्षांनी अजून एक थर. प्रत्येक थराबरोबर डांबर वर चढतं, पण बाजूचा मुरुम तेवढ्याच उंचीला भरला जात नाही. भरला तरी त्यावर रोलर नीट फिरत नाही. मग आपल्याकडचा पाऊस येतो. पहिल्या महिन्यात मुरुम वाहून जातो आणि डांबराची कडा उघडी पडते. कुठे चार बोटं, कुठे वीतभर. वरून रस्ता गुळगुळीत, फोटोत झकास, आणि कडेला पायरी. त्या पायरीवरून सायकलचं चाक घसरलं की परत वर घेता येत नाही, माणूस आडवा होतो. यंदा पाऊस लवकर आला तर मेअखेरीलाच बऱ्याच ठिकाणी कडा उघड्या पडल्या होत्या.

ऑगस्टमध्ये सरळगाव-किन्हवली रस्त्याला मलाही याचा प्रसाद मिळाला. समोरून मोठी गाडी, मागून खडीचा डंपर, हॉर्नवर हॉर्न. माझ्या वाट्याला जे उरलं होतं ते डांबर नव्हतं. खाली उतरलो, चाक कडेला घासलं आणि कोपरावर पडलो. फार काही नाही, खरचटलं. डंपर थांबला नाही. थांबले ते मागून येणारे एक आजोबा, जुन्या काळ्या सायकलवर. मला उठवलं, सायकल सरळ करून दिली आणि म्हणाले, “साहेब, समोरून-मागून गाड्या दिसल्या की आम्ही इथं उतरूनच घेतो. सायकल हातात धरून चालतो.”

मी हे वाक्य वर्षभरातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य मानतो. माणूस सायकल घेतो चालायचे कष्ट वाचावेत म्हणून. आणि आपण रस्ता असा करून ठेवलाय की त्याने ती हातात धरून चालावं.

याच्याहून जास्त टोचलेली गोष्ट डोळखांब भागातल्या एका गावातली. पाणी प्यायला एका घरी थांबलो होतो. पडवीत मुलीची सायकल उभी होती. हवा नाही, चेनला गंज. आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली देण्याची योजना मानव विकास कार्यक्रमात आहे, तुम्हाला माहीत असेल. चांगली योजना आहे. या बाईंच्या मुलीलाही सायकल मिळालेली. मी विचारलं, “ताई, पोरगी चालवत नाही का?” त्या म्हणाल्या, “चालवायची. पण रस्ता झाला चांगला आणि गाड्या लागल्या पळायला. हिचे बाबा म्हणाले, नको.” आता ती चालत जाते किंवा कोणाच्या तरी गाडीवर बसून जाते. ज्या दिवशी काहीच जमत नाही त्या दिवशी घरी.

म्हणजे सरकारने सायकल दिली, सरकारनेच रस्ता केला, आणि रस्त्यामुळे सायकल बंद पडली. यात कोणाचा वाईट हेतू नाही. फक्त रस्ता करताना कडेने कोण चालतं याचा विचार झाला नाही.

यंदा ५ जूनला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. तो आपल्या शहापूर तालुक्यातून जातो. चांगली गोष्ट आहे, मी विरोधात नाही. पण त्या रस्त्यावर सायकलच काय, मोटारसायकललाही परवानगी नाही. आणि ते बरोबरही आहे, एवढ्या वेगात तिथे सायकल कशी चालणार? माझं म्हणणं एवढंच की वेगाने जाणाऱ्यांसाठी जर वेगळा रस्ता होऊ शकतो, तर हळू जाणाऱ्यांसाठी जुन्या रस्त्याच्या कडेला हातभर सपाट जागा का होऊ नये?

आता मला माहितीय, कमेंटमध्ये काय येणार. “उन्हाळ्यात गावाला टँकर लागतो आणि तुम्हाला सायकलीचं पडलंय.” खरं आहे. मुंबईच्या पाण्यातला जवळपास निम्मा वाटा एकट्या भातसाचा आणि त्याच शहापूर तालुक्यात एप्रिल-मेमध्ये बायका डोक्यावर हंडे घेऊन फिरतात, ही लाजेची गोष्ट आहेच. पण त्या बायका हंडा घेऊन चालतात कुठून? त्याच साईडपट्टीवरून. रामनवमीला मुंबईहून शिर्डीला निघालेल्या साईंच्या पालख्या शहापूर-कसाऱ्यावरून जातात, ते पदयात्री कुठून चालतात? रस्त्याच्या कडेनेच. सायकलच्या निमित्ताने मी बोलतोय, पण हा प्रश्न इंजिन नसलेल्या प्रत्येक माणसाचा आहे.

दुसरी कमेंट येईल, “आधी रस्ते तर होऊ द्या, मग साईडपट्टी बघू.” इथे उलटं आहे. कडेला आधार नसला की डांबर कडेनेच तुटायला लागतं. फटीतून पाणी खाली शिरतं, खालचा थर भुसभुशीत होतो आणि खड्डा आत-आत सरकतो. साईडपट्टी नीट भरली तर रस्ताही जास्त टिकतो. सायकलवाल्यांचं सोडा, रस्त्यावर खर्च झालेला आपला पैसा वाचावा म्हणून तरी हे करायला पाहिजे.

तर मागण्या मोठ्या नाहीत. वेगळे सायकल ट्रॅक, रंगीत लेन वगैरे मी मागत नाहीये.

एक, जिथे डांबराचा नवा थर पडेल तिथे त्याच कामात साईडपट्टी डांबराच्या बरोबरीला भरून, पाणी मारून, रोलर फिरवून द्यायची. ती बघितल्याशिवाय बिल निघू नये.

दोन, पाऊस संपला की ऑक्टोबरात दरवर्षी वाहून गेलेला मुरुम परत भरायचा आणि वळणावरचं वाढलेलं रान कापायचं.

तीन, रस्त्याच्या कडेला पांढरा पट्टा आणि मोऱ्यांच्या कठड्यांना चमकणाऱ्या पट्ट्या. रात्री पाळीवरून येणाऱ्याला यानेच रस्ता कळतो.

चार, खडी-मातीच्या गाड्यांवर ताडपत्री. सांडलेली खडी कडेलाच साठते आणि तिथेच आम्ही असतो.

पाच, शाळा असलेल्या गावांत शाळेच्या दोन्ही बाजूंना गतिरोधक, आणि तेही रंगवलेले.

हे करायचं कोणी? आधी आपल्या गावचा रस्ता कोणाचा आहे ते बघा. गावांना जोडणारे लहान रस्ते बहुतेक जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे असतात, मोठे जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतला रस्ता असेल तर पुढची पाच वर्षं देखभाल त्याच ठेकेदाराने करायची असते. तिथे फलक लावलेला असतो. त्याचा फोटो काढून ठेवा, तारीख बघा.

आणि २६ जानेवारीला ग्रामसभा आहे. दरवर्षी असते, आणि दरवर्षी आपण झेंडावंदन करून घरी येतो. यंदा अर्धा तास थांबा. आपल्या गावच्या रस्त्याची साईडपट्टी हा एकच विषय मांडा, ठराव लिहून घ्या, त्याची प्रत मागा. कडेची पायरी दिसेल असा फोटो जोडा, शेजारी पट्टी ठेवून काढलेला. मतं मागायला जो कोणी दारात येईल त्यालाही हाच फोटो दाखवा. पक्ष कुठलाही असू दे.

माझ्यासारख्या हौशी लोकांनाही दोन शब्द. आपणही शेजारी-शेजारी गप्पा मारत रस्ता अडवू नये. दिवा आणि रिफ्लेक्टर लावल्याशिवाय पहाटे निघू नये. चॉकलेटची वेष्टणं खिशात ठेवावीत. आणि आपल्याला आवाज आहे, ओळखी आहेत, फोनमध्ये कॅमेरा आहे. तो फक्त सूर्योदयासाठी वापरू नका. वाटेत कडा तुटलेली दिसली तर थांबा, फोटो काढा, किलोमीटरच्या दगडाचा आकडा टाका आणि त्या गावातल्या कोणाला तरी पाठवा.

पुढच्या वर्षी तीन हजाराचे चार हजार किलोमीटर झाले तर आनंदच आहे. पण डोळखांबच्या पडवीतली ती सायकल परत शाळेच्या रस्त्याला लागली, तर २०२६ चा माझा हिशोब तेवढ्यावरच पूर्ण झाला असं मी समजेन.

तुमच्या गावचा रस्ता कसा आहे? गावाचं नाव आणि कडेचा फोटो खाली टाका. पटलं असेल तर तुमच्या सरपंचांपर्यंत, ग्रामसेवकांपर्यंत पोहोचवा. २६ तारखेच्या आत.