आडात नाही, ते पोहऱ्यात कुठून?

परीक्षेचे वेळापत्रक फलकावर लागले, की आपल्या महाविद्यालयात दोन गोष्टींचा खप वाढतो. एक गाइडांचा आणि दुसरा बदामांचा. रात्री भिजत घातलेले चार बदाम सकाळी सोलून खाल्ले, की वाचलेले सारे ध्यानात राहते अशी आपली श्रद्धा! माझे बदामाशी वैर नाही. परवडत नाहीत म्हणून कोल्ह्याला द्राक्षे आंबट, असेही कोणी समजू नये. पण मित्रहो, अन्नाचा आणि स्मरणशक्तीचा संबंध परीक्षेच्या आदल्या महिन्यात सुरू होत नाही. तो आईच्या पोटात सुरू होतो.

मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के. पण आपण स्वस्थ बसलेलो असतानाही शरीर जी शक्ती खर्च करते, तिचा सुमारे २० टक्के वाटा तो एकटा घेतो. शिवाय विजेच्या तारेवर असते तसे मेंदूतील अनेक तंतूंवर एक स्निग्ध आवरण असते. ते नीट राहण्यासाठी बी-१२ हे जीवनसत्त्व लागते. ते फक्त सूक्ष्म जंतूच बनवू शकतात. गाईच्या पोटातल्या जंतूंनी बनवलेले बी-१२ दुधात उतरते. अंडी, मासे, मटण यांतही ते असते. भाकरी, डाळ, पालेभाजी यांत नसते. आणि हो, बदामातही नसते! त्याची उणीव फार काळ राहिली, तर हातापायांना मुंग्या येतात, चालताना तोल जातो, विसर पडू लागतो. घरातल्या वृद्धाचे असे झाले, तर आपण 'वय झाले' म्हणून मोकळे होतो. अशांपैकी काहींचा विसराळूपणा वेळीच रक्त तपासून इंजेक्शने दिल्यास कमी होऊ शकतो. उशीर झाला, तर नसांची हानी कायमची राहू शकते.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा अभ्यास केला. गरोदर स्त्रियांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणींच्या रक्तात बी-१२ कमी आढळले. पुढे त्यांची काही मुले ९ वर्षांची झाल्यावर त्यांची परीक्षा घेतली गेली, तिचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. सांगितलेले आकडे उलट क्रमाने म्हणून दाखवायचे, अशी त्यातली एक चाचणी होती. ज्यांच्या आयांमध्ये बी-१२ फार कमी होते, ती मुले तिच्यात मागे पडली. सगळ्याच चाचण्यांत मागे पडली असे नाही, हेही सांगितले पाहिजे. पण घरची परिस्थिती आणि शिक्षण हिशेबात धरूनही एवढा फरक उरला.

हे वाचले तेव्हा मला आमची गल्ली आठवली. आमच्याकडे गोठा आहे, गाय आहे. पण दूध पहाटे किटलीतून डेअरीला जाते, कारण खताची उधारी आणि माझी फी त्यावरच भागते. उरलेल्या पेलाभर दुधात सगळ्यांचा चहा होतो. आई सर्वांच्या शेवटी जेवते, तेव्हा भांड्यात जे असेल ते तिचे. हे त्याग वगैरे म्हणून गौरवण्याची आपल्याकडे मोठी हौस आहे. माझ्या मते ते गौरवणे आता थांबवावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. लोह कमी पडले, की अभ्यासात लक्ष लागणेही कठीण होते. वर्गात मागच्या बाकावर पेंगणाऱ्या मुलीला 'आळशी' म्हणण्यापूर्वी ती सकाळी काय खाऊन आली, एवढे तरी विचारावे.

'तुमच्या सात पिढ्यांत कोणी पाटी धरली नाही, तुमच्या डोक्यात काय शिरणार?' घरात पहिल्यांदा शिकणाऱ्या आमच्यासारख्यांना हे वाक्य नवे नाही. बोलणारा रक्ताला दोष देतो. रक्तात दोष असेलही. पण तो कुळाचा नव्हे, ताटाचा! आणि ताट बदलता येते.

शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडे द्यावे, असे आपल्या राज्य शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ठरवले होते. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी बंद झाला; हवे तर लोकसहभागातून द्या, असे शाळांना सांगण्यात आले. ज्या गावात लोक स्वतःच्या गाईचे दूध विकतात, तिथे लोकसहभाग कुठून आणायचा? तो निधी पुन्हा सुरू झाला पाहिजे. अंडे न खाणाऱ्यांसाठी त्या वेळी केळे ठेवले होते. केळ्यात बी-१२ नसते. त्या मुलांना पेलाभर दूध द्यावे, आणि ते गावच्याच डेअरीतून घ्यावे.