हिवाळ्याची सुट्टी, मुंबईची हवा आणि आपले आई-बाबा



डिसेंबर जवळ आला की अल नहदातल्या मराठी घरांत दोनच बेत शिजतात. मुलांना घेऊन भारतात जायचे, नाही तर आजी-आजोबांना व्हिजिट व्हिसावर इकडे बोलवायचे. अलीकडे त्यात एक नवा प्रश्न आला आहे : "तिकडची हवा कशी आहे?"

मुंबईला समुद्र आहे, तिथे दिल्लीसारखे होणार नाही, असे आपण म्हणायचो. पण थंडीत वारा मंदावतो, रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार राहते. पातेल्यावर झाकण ठेवावे तसा धूर खालीच कोंडतो. २०२२-२३ च्या हिवाळ्यात मुंबईने हे चांगलेच अनुभवले. ऑक्टोबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. महापालिकेने बांधकामांभोवती उंच पत्रे लावण्याचा नियम केला. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने बेकऱ्यांच्या लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत बदलायला सांगितले.

पण नुसत्या पत्र्यांनी भागत नाही. खरा शत्रू म्हणजे पीएम २.५, अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण. यातले बरेच कण हवेतच तयार होतात. गाड्यांचे नायट्रोजन ऑक्साइड आणि कोळसा-तेलातला सल्फर डायऑक्साइड यांची आम्ले बनतात, ती अमोनियाला भेटली की त्यांचे बारीक क्षार होतात. त्यातले अमोनियम नायट्रेट उन्हाळ्यात पुन्हा वायुरूप होते, गारव्यात मात्र टिकते.

हे कण फुफ्फुसाच्या तळापर्यंत जातात, काही रक्तातही उतरतात. दमा बळावतोच, शिवाय हार्ट अॅटॅक आणि पक्षाघाताचा धोकाही वाढतो. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने प्रदूषित हवेला कर्करोगकारक ठरवले.

आता आकड्यांची गंमत बघा. २४ तासांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मर्यादा आहे १५ मायक्रोग्रॅम, भारताची ६०. म्हणजे मोबाइलवर भारतीय निर्देशांक 'समाधानकारक' दिसला, तरी हवा त्या मर्यादेच्या चौपट असू शकते. आई फोनवर "आज बरी आहे हो हवा" म्हणते, तेव्हा हे लक्षात ठेवावे.

आणि आपण इथे सुटलो असे समजू नका. आपल्याकडे वाळवंटाची धूळ आहे, दुबई-शारजा ट्रॅफिक आहे आणि थंडीतले पहाटेचे धुकेही. बंद फ्लॅटमध्ये बखूर किंवा उदबत्ती लावली तरी हेच कण वाढतात.

तेव्हा एवढे करा. आई-बाबांना फिरायला पहाटेऐवजी ऊन वर आल्यावर जायला सांगा. वाईट दिवशी साधा रुमाल नको, नीट बसणारा एन-९५ मास्क द्या. दम्याचा पंप आणि हृदयाची औषधे हँडबॅगेत ठेवा. सुट्टीत निघण्यापूर्वी डॉक्टरांना एकदा भेटा.

हवा एका कुटुंबाने सुधारत नाही, हे खरे. पण मतदार तिकडे आपल्याच घरात आहेत. नगरसेवक दारी आला की हा प्रश्न त्याला जरूर विचारायला सांगा.

काळजी घ्या. लोभ आहेच, तो वाढावा.