छापण्यापूर्वी वाचणारा

दिवाळी अंकाचे संपादकीय लिहावयास बसले म्हणजे वाचकांचे स्वागत, जाहिरातदारांचे आभार आणि कागदाच्या चढत्या दराविषयी चार शब्दांची हळहळ, एवढा ऐवज ठरलेलाच असतो. आणि १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही वहिवाट मोडण्याचे धाडस फारसे कोणी केलेले नाही. आम्हीही ते करीत नाही. जाहिरातदारांचे आभार अखेरच्या पानावर आहेत, आणि कागदाचे दर वाचकांस अंकाच्या किमतीवरून कळतीलच. मात्र या अंकासाठी आलेल्या, परंतु या अंकात नसलेल्या लेखनाविषयी यंदा काही बोलावे असे मनात आहे. वाचकाच्या हाती जो अंक पडतो, जे पुस्तक पडते, ते निवाडा होऊन गेल्यानंतरचे असते. एकाचे बाड छापखान्याकडे का गेले आणि दुसऱ्याचे परतीच्या टपालाने का गेले, तो निवाडा करणारा कोण होता आणि त्याने मजकूर खरोखरीच वाचला होता काय, या प्रश्नांची नोंद कोणत्याच दप्तरात सापडत नाही.

सुदैवाने एका निवाड्याची नोंद मागे राहिली आहे, आणि तिचा धागा आमच्याच सातारा-सांगलीच्या मुलखापर्यंत येऊन पोहोचतो. खटाव तालुक्यातील कटगुण हे ज्यांच्या घराण्याचे मूळ गाव, त्या जोतीराव फुल्यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ नावाचे नाटक लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडे धाडले. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांस जी दक्षिणा वाटली जाई तिच्यातील काही हिस्सा इंग्रज सरकारने देशी भाषेतील ग्रंथांच्या बक्षिसाकडे वळविला होता, आणि कोणता ग्रंथ बक्षिसास पात्र हे ठरविण्याचे काम या कमिटीकडे होते. एक जोशी गरोदर कुणबी बाईस ग्रहांची भीती घालून त्या नवराबायकोस कसे लुबाडतो, आणि अखेरीस ते दांपत्य रात्रीच्या शाळेची वाट कशी धरते, हा त्या नाटकाचा विषय. कमिटीने ते नापसंत केले. कमिटीतील भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, अशी हकीकत जोतीरावांनी स्वतःच पुढे ‘गुलामगिरी’त नमूद करून ठेवली आहे. ते नाटक छापून प्रसिद्ध झाले १९७९ साली, म्हणजे लिहिल्यापासून १२४ वर्षांनी आणि लेखकाच्या मृत्यूनंतर जवळजवळ नव्वद वर्षांनी.

या हकीकतीचा अर्थ लावताना बहुतेक जण नकारापाशी थांबतात. आम्हांस नकारापेक्षा कमिटीची घडण अधिक विचार करण्याजोगी वाटते. नकार देणे हा निवड करणाऱ्याचा अधिकारच आहे, किंबहुना तेच त्याचे काम आहे. परंतु ज्या समाजाविषयी ते नाटक लिहिले गेले होते त्या समाजातील एकही माणूस निवाड्याच्या बैठकीत नव्हता, आणि ज्याच्या वर्तनावर त्यात बोट ठेवले होते तो मात्र तेथे अधिकाराने बसलेला होता. पुढे १८८५ साली न्यायमूर्ती रानडे प्रभृतींच्या ग्रंथकार सभेचे निमंत्रण आले तेव्हा जोतीरावांनी तिकडे जाण्याचे नाकारले आणि नाकारण्याची कारणे पत्रात सविस्तर लिहिली. कमिटीच्या नापसंतीपेक्षा लेखकाने दिलेली ही नापसंती आम्हांस कितीतरी सरस वाटते. ती कारणांसह होती.

ज्यांना प्रकाशक मिळाला नाही, किंवा ज्यांनी तो शोधलाच नाही, त्यांनी या भागात निराळ्या वाटा काढल्या. मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकविणाऱ्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धन सरदारांची दप्तरे चाळून १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ काढण्यास आरंभ केला. जुन्या मोडी पत्रांचे असले खंड विकत घेणारे महाराष्ट्रात किती निघतील याचा हिशेब कोणत्याही व्यवहारी प्रकाशकाने मांडला असता तर हे काम आरंभापाशीच थांबले असते. औंधास पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांनी १९१८ साली स्वाध्याय मंडळ स्थापिले आणि वेदांच्या संहिता व त्यांवरील सुबोध विवरणे तेथून प्रसिद्ध केली. १९४८ साली ते पारडीस गेले तेव्हा हा सारा ग्रंथव्यवहारही त्यांच्याबरोबर साताऱ्यातून उठून गेला. येथे लेखक, संपादक आणि प्रकाशक एकाच धोतरात वावरत होते. ज्ञानाच्या क्षेत्रात ही व्यवस्था चालून गेली, कारण शास्त्रीबुवांची किंवा पंडितजींची विद्वत्ता हाच तेथे निवाडा होता. पण कथा-कादंबरीकाराने आपल्याच कृतीचा न्यायाधीश व्हावे, ही गोष्ट निराळी.

याच औंध संस्थानात, कुंडलजवळच्या माळावर, १९१० साली उभ्या राहिलेल्या किर्लोस्करवाडीत मराठी नियतकालिकांच्या इतिहासातील एक विलक्षण प्रकार घडला. नांगर करणाऱ्या कारखान्याने आपल्या मालाची वार्ता गिऱ्हाइकांस कळावी म्हणून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे पत्रक काढले. संपादक शंकर वासुदेव किर्लोस्कर, म्हणजे शंवाकि, हे कारखान्याचे संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे पुतणे. चित्रकलेचे धडे त्यांनी लाहोरास सातवळेकरांच्याच हाताखाली घेतलेले. त्या पत्रकाचे पाहता पाहता मासिक झाले, १९३० साली त्याच्या जोडीला ‘स्त्री’ आले, १९३४ साली ‘मनोहर’ आले, आणि लोखंड ओतणाऱ्या वसाहतीतून रूढी, अंधश्रद्धा, स्त्रियांचे शिक्षण आणि विवाह यांविषयीचे लेख मराठी मध्यमवर्गाच्या घरोघर जाऊ लागले. पुण्या-मुंबईच्या वाङ्मयीन वर्तुळांपासून इतक्या दूर बसल्यामुळे संपादकास कोणाच्या कंपूत राहण्याची गरज नव्हती. शिवाय पाठीशी कारखाना असल्यामुळे एखादा लेख वर्गणीदारांच्या पचनी पडणार नाही, केवळ एवढ्या धास्तीने तो परत करावा अशी निकडही नव्हती. मासिकाचा खर्च नांगराने उचलावा हा योग मराठी साहित्याच्या वाट्याला पुन्हा आलेला नाही. आजच्या कारखानदारांस आम्ही तो सुचवून पाहिला असता आमच्यापुढे चहा येतो आणि जाहिरातीचा अर्ध्या पानाचा मजकूर येतो.

मौज प्रकाशन आणि ‘सत्यकथा’ यांचा उल्लेख केल्यावाचून हा विषय पुरा होत नाही, जरी त्यांचे ठिकाण गिरगावात असले तरी. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी संपादनाचे जे काम केले ते केवळ निवडण्याचे नव्हते. कथा परत जाई ती बरोबर पत्र घेऊन, कोठे पात्र निसटले आणि कोठे लेखक मध्ये बोलला हे त्यात लिहिलेले असे, आणि लेखकाने पुन्हा लिहिलेली कथा पुन्हा वाचली जाई. माडगूळच्या व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ साली मौजेने काढली. माणदेशच्या दुष्काळातील एक शाळामास्तर आणि धनगरांची वस्ती, एवढाच ऐवज असलेली ही कादंबरी त्या काळच्या खपाच्या कोणत्याही मापात बसत नव्हती.

परंतु ‘सत्यकथे’च्या या संपादकीय टेबलालाही कडा होत्या. त्याच माणदेशाला लागून असलेल्या मिरज तालुक्यातील नांद्र्याचे राजा ढाले यांनी ‘सत्यकथेची सत्यकथा’ लिहिली आणि १९६९ साली त्यांच्या पिढीच्या अनियतकालिकवाल्यांनी ‘सत्यकथे’च्या अंकाची होळी केली. अंक जाळणे आम्हांस मुळीच पसंत नाही, आणि अंक काढणाऱ्यास ते कधीच पसंत पडणार नाही. तरी वाचणाऱ्यांची अभिरुची कितीही कसदार असली तरी ती एकाच घडणीची असेल तर काही आवाज तिच्या कानावर पडतच नाहीत, ही त्यांची तक्रार खोटी नव्हती. वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांच्या ‘फकिरा’स १९५९ साली प्रस्तावना लिहिली ती सांगलीत जन्मलेल्या वि. स. खांडेकरांनी, आणि १९६१ साली त्या कादंबरीस राज्य शासनाचे पारितोषिक मिळाले. म्हणजे वाचणारा निराळ्या घडणीचा असला तरी मन मोकळे ठेवून वाचू शकतो. पण त्याने वाचले पाहिजे.

आता प्रकाशकाच्या गादीवरून पाहू. डेमी आकारात सोळा पानांचा एक फर्मा होतो. एकशे साठ पानांची कादंबरी दहा फर्म्यांत बसते, आणि एकशे पासष्ट पानांची झाली की पाच पानांपायी हिशेब बिघडतो, म्हणून कित्येकदा संपादकाने सुचविलेली काटछाट वाङ्मयीन नसून अंकगणिती असते. हजार प्रतींची आवृत्ती हे जुने परिमाण आता पाचशेवर आणि त्याहून खाली आले आहे. विक्रेता किमतीचा चौथा हिस्सा, क्वचित अधिकही, आपल्याकडे ठेवतो. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमामुळे गावोगावी अ, ब, क, ड वर्गांची ग्रंथालये झाली आणि मराठी पुस्तकास हक्काचे गिऱ्हाईक मिळाले खरे. परंतु त्यामुळेच वाचकास काय आवडेल यापेक्षा ग्रंथालयाच्या खरेदीत काय बसेल, याकडे प्रकाशकाची नजर वळली. हे सारे ध्यानात घेता नव्या लेखकाची पहिली कादंबरी स्वीकारणारा प्रकाशक धाडसी म्हटला पाहिजे, आणि नाकारणाऱ्यास आम्ही तरी दोष देणार नाही.

आमचा रोष आहे तो निराळ्याच प्रकारावर. गेल्या काही वर्षांत असा व्यवसाय फोफावला आहे की ज्यात कोणतेही हस्तलिखित नाकारले जात नाही. लेखकाने रक्कम भरावी, मुखपृष्ठ निवडावे, पन्नास प्रती घरी न्याव्या आणि प्रकाशन समारंभाचा हारतुऱ्यांसह खर्चही आपणच करावा. निवृत्त शिक्षक, तलाठी, बँकेतील कारकून, ज्यांनी आयुष्यभर काहीतरी सांगावयाचे मनात बाळगले, ते भविष्यनिर्वाह निधीतील रक्कम या कामी घालतात. आणि त्यांच्या पुस्तकात पहिल्या पानावर नायिकेचे नाव एक आणि नव्वदाव्या पानावर दुसरेच असते, कारण छापण्यापूर्वी ते कोणीही वाचलेले नसते. करारनाम्यावर मुदतीच्या रकान्याची जागा कोरी असते. अशा लेखकांस आम्ही सांगू इच्छितो की १९५७ च्या लेखाधिकार कायद्यान्वये करारात मुदत लिहिलेली नसेल तर हक्कांचे हस्तांतरण पाच वर्षांपुरतेच मानले जाते. तेवढी तरी कायद्याने त्यांची कदर केली आहे. दक्षिणा कमिटीने जोतीरावांचे नाटक वाचले, त्याला भ्याली आणि नाकारले. या नव्या दुकानात कोणी वाचतही नाही आणि भीतही नाही. आमच्या मते दोहोंत दुसरा अपमान मोठा आहे.

वाचण्याने काय होते याचे यंदाचेच एक उदाहरण देतो. हळदीच्या एका व्यापारी घराण्यावरील कथा आमच्याकडे आली. भाषा स्वच्छ, माणसे जिवंत, आणि शेवटी थोरला भाऊ हरिपूरच्या बाजूचे एक जुने पेव उघडतो आणि त्याच क्षणी आत उतरून हळदीखाली दडविलेले कागद वर काढतो, असा कळसाचा प्रसंग. आमच्यापैकी दोघांनी कथा स्वीकारावी असा शेरा मारला होता. तिसरे वाचक हळदीच्या पेठेत हयात काढलेले गृहस्थ; त्यांनी समासात पेन्सिलीने एवढेच लिहिले की, नुकत्या उघडलेल्या पेवात कोणी उतरत नाही, आत हवा नसते; पेव काही तास उघडे ठेवावे लागते, मग कंदील सोडून ज्योत टिकते का पाहतात, आणि त्यानंतर माणूस उतरतो. कथा परत गेली. लेखकाचे पहिले उत्तर रागाचे होते, आणि ते स्वाभाविकही होते. दीड महिन्याने नवा शेवट आला, त्यात भावाला पेवाच्या तोंडाशी रात्र काढावी लागते आणि त्या रात्रीत धाकटा येऊन पोहोचतो. अलंकारांचा सोस अजूनही त्यात थोडा आहे, असे आमचे प्रांजळ मत आहे. कथा याच अंकात आहे, वाचकांनी ठरवावे.

त्या गृहस्थांच्या शेऱ्यामुळे आमच्या वाचनमंडळात एक बदल आम्ही केला आहे. पूर्वी तेथे प्राध्यापक आणि ग्रंथपाल होते, तेही आहेतच. त्यांच्या जोडीला आता पेठेतील हे गृहस्थ, जत तालुक्यातील एक प्राथमिक शिक्षिका आणि ऊसतोडणीच्या हंगामी शाळेवर काम केलेला एक तरुण असे तिघे आले आहेत. अभिप्राय देताना त्यांनी वाङ्मयशास्त्राची परिभाषा वापरू नये अशी विनंती आम्ही केली आहे. प्राध्यापकांनाही केली आहे. तिचा परिणाम अद्याप दिसावयाचा आहे.

पुढील वर्षीच्या अंकासाठी लेखन ज्येष्ठ महिन्याच्या अखेरपर्यंत आमच्याकडे यावे. हाताने लिहिलेले असल्यास कागदाच्या एकाच बाजूस, डावीकडे रुंद समास सोडून लिहावे, म्हणजे पेन्सिलीस जागा राहील. नक्कल स्वतःजवळ ठेवावी. प्रत्येक हस्तलिखित निदान दोघे जण अखेरपर्यंत वाचतील, त्यांतील एक जण शक्यतो त्या विषयाच्या मुलखातला असेल, आणि नकार गेला तर तो लेखी कारणासह जाईल. कारण चुकीचे वाटल्यास लेखकाने आम्हांस उलट टपाली अवश्य लिहावे.