टॅब्लेट हवेत, पण कोणत्या कामाला?

आपल्या मराठी शाळेसाठी वीस टॅब्लेट घ्यावेत की नाही, यावर उन्हाळ्यातल्या पालकसभेत चांगली दीड तास चर्चा झाली. एक बाजू म्हणाली, "मुलं नाहीतरी स्क्रीनसमोरच असतात, मग मराठी तरी शिकू देत." दुसरी बाजू म्हणाली, "रविवारचे दोन तास मिळतात, तेवढे तरी स्क्रीनशिवाय जाऊ देत." दोघांनाही टाळ्या मिळाल्या आणि निर्णय पुढच्या सभेवर ढकलला गेला. जन्मभर शिक्षणशास्त्र शिकवलेल्या माणसाला अशा वेळी गप्प बसणे जड जाते. म्हणून हा लेख.

टॅब्लेट चांगला की वाईट, हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. मुलाने काय शिकायचे आहे आणि ती गोष्ट माणूस कशी शिकतो, हे आधी ठरवायला हवे. या बाबतीत जुन्या मंडळींनी बरेच काही सांगून ठेवले आहे.

1953 साली हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर आपल्या मुलीच्या वर्गात गणिताच्या तासाला जाऊन बसले. काही मुलांची गणिते केव्हाच सुटली होती आणि ती कंटाळली होती. काही अडून बसली होती. आणि आपले उत्तर बरोबर की चूक, हे कोणालाच तिथल्या तिथे कळत नव्हते. स्किनरनी घरी येऊन शिकवणारे यंत्र बनवायला घेतले. एका वेळी एक छोटा प्रश्न, लगेच निकाल, मग पुढची पायरी. आज आपल्या फोनवर टिंग वाजवून चांदणी देणारे भाषेचे अॅप हे त्या यंत्राचेच नातवंड आहे.

हे नातवंड कामाचे आहे. ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी, जोडाक्षरे, बाराखडी, पाढे या गोष्टी सरावानेच बसतात. जर्मनीत एबिंगहाऊस यांनी 1885 साली स्वतःवर प्रयोग करून दाखवले, की शिकलेले सुरुवातीला झपाट्याने विसरते, आणि एका बैठकीत घोकण्यापेक्षा थोडी थोडी, दिवसांच्या अंतराने केलेली उजळणी जास्त टिकते. आपली शाळा आठवड्यातून एकदा भरते. म्हणजे रविवारी शिकलेला 'ज्ञ' विसरायला मुलांना सहा दिवस मिळतात. तेव्हा अॅपची खरी जागा त्या सहा दिवसांत आहे : घरी, रोज दहा मिनिटे. आणि घरी फोन किंवा टॅब्लेट बहुतेकांकडे आहेच. ज्यांच्याकडे नसेल त्यांना शाळेने द्यावा.

मग रविवारच्या दोन तासांत काय करायचे? बोलायचे. 2003 साली पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना बारा बैठकांत चिनी भाषा ऐकवली. समोर बसून बोलणाऱ्या, खेळणाऱ्या माणसाकडून ऐकणाऱ्या बाळांना त्या भाषेतले ध्वनी ओळखता येऊ लागले. तेच साहित्य पडद्यावर पाहणाऱ्या बाळांना मात्र त्याचा काही फायदा झाला नाही. आपली मुले बाळे नाहीत, हे मान्य. पण ऐकणारे कोणी असल्याशिवाय भाषा बोलावीशी वाटत नाही, हे आठ वर्षांच्या मुलालाही लागू आहे.

व्हिगोट्स्कींचे म्हणणे असे, की मूल आज मोठ्यांच्या मदतीने जे करते, ते उद्या एकटे करू लागते. पुढे 1976 मध्ये वुड, ब्रुनर आणि रॉस यांनी या मदतीला परांचीची उपमा दिली. गवंडी परांची बांधतो आणि काम झाले की सोडवतो, तशी. एखादी मुलगी म्हणते, "काल मी शाळा गेली होती." अॅप लाल फुली दाखवेल. आपल्या बाई म्हणतात, "अगंबाई, काल शाळेत गेली होतीस? मग शाळेत कोण कोण भेटलं?" चूक सुधारली गेली, गप्पाही तुटल्या नाहीत. ही परांची माणूसच बांधू शकतो.

याचा अर्थ वर्गात यंत्र नकोच, असा नाही. जिनिव्हात पियाजेंबरोबर काम करून पुढे एमआयटीत गेलेले सेमूर पॅपर्ट सांगत, की यंत्राने मुलाला चालवू नये, मुलाने यंत्राला चालवावे. 1967 मध्ये मुलांसाठी 'लोगो' ही संगणकभाषा तयार झाली, ती याच विचारातून. गेल्या दिवाळीत आपल्या मोठ्या गटाने नेमके हेच केले. मुलांनी व्हिडिओ कॉलवर आजी-आजोबांना प्रश्न विचारले आणि त्याची छोटी फिल्म बनवली. कुडाळच्या एका आजींनी कारीट फोडण्याचा उल्लेख करताच नातवाने विचारले, "आजी, कारीट म्हणजे काय?" आजी फोन घेऊन तशाच परड्यात गेल्या. वेलीवरचे हिरवे फळ तोडून कॅमेऱ्यासमोर धरले आणि म्हणाल्या, "पायाच्या अंगठ्याखाली ठेवून असं फोडायचं, आणि जिभेला लावायचं. कडू असतं हां!" फिल्मखाली मराठी अक्षरे घालताना 'कारीट'ची 'री' पहिली की दुसरी, यावर चार मुले भांडत होती. शुद्धलेखनावर मुले आपणहून भांडताना मी चाळीस वर्षांच्या नोकरीत फारशी पाहिली नाहीत.

आपले शिक्षक स्वयंसेवक आहेत, आठवडाभराच्या नोकरीने थकलेले असतात, अॅपने त्यांचा भार हलका होईल, असा मुद्दा सभेत आला. तो खरा आहे. म्हणूनच तपासणीचा भार अॅपवर टाकावा, बोलण्याचा नव्हे. आणि साधन महाग असले म्हणजे शिक्षण चांगले, असेही नसते. ताराबाई मोडकांनी बोर्डी-कोसबाडला शंख-शिंपले, बिया आणि पाने यांतून बालशिक्षण उभे केले होते.

तेव्हा माझी सूचना अशी : वीसऐवजी सहा टॅब्लेट घ्यावेत, चार-पाच मुलांत एक, आणि तेही काहीतरी बनवण्यासाठीच वापरावेत. सराव घरी व्हावा. उरलेल्या पैशांतून गोष्टींची पुस्तके आणावीत आणि शिक्षकांसाठी वर्षातून दोन कार्यशाळा घ्याव्यात. त्या घ्यायला मी तयार आहे, मानधन नको, चहा मात्र आल्याचा हवा.

पुढच्या सभेत हा ठराव मी मांडणार आहे. विरोध असेल त्यांनी जरूर यावे. फक्त येताना आपल्या मुलांशी आठवडाभरात किती वेळ मराठीत बोललो, याचा हिशेब मनाशी करून यावे. मीही माझ्या नातवंडांचा करून येईन.